मेजाखालची मराठी

आमच्या कचेरीतल्या कॉम्प्युटरांना कुलूप लागलं ते कुंडलीमुळे.

मी तेव्हा गोव्यात सुर्ल्याजवळ एका खाण कंपनीच्या कचेरीत कारकून होते. माहेर धारगळचं, सासर कारापूरचं. सकाळी पोदेर सायकलवरून पाव देऊन पुढे गेला की त्याच्या मागोमाग मी बस पकडायला निघत असे. कचेरी चार खोल्यांची, सिमेंटच्या पत्र्यांची. ती मुळात पिवळी होती असं जुने लोक सांगत. मी पाहिली तेव्हापासून ती खनिजाच्या धुळीने तांबडीच होती. माझ्याकडे ट्रकवाल्यांचं काम होतं. खाणीतून माल नेणारे ट्रक, त्यांच्या पाळ्या, त्यांना द्यायच्या सूचना, आणि त्या सूचना पाळल्या नाहीत की होणारी भांडणं.

माझ्या समोरच्या मेजावर डिस्पॅचचे कारकून बसत. ते महाराष्ट्राच्या हद्दीतून, दोडामार्गाकडून रोज मोटरसायकलने येत. वयाने मोठे, म्हणून मी त्यांना भाऊ म्हणत असे. भाऊंना ज्योतिषाचा भारी नाद. त्यांनी कुठूनतरी एक सीडी मिळवून कंपनीच्या कॉम्प्युटरवर पत्रिका मांडायचा प्रोग्राम घातला होता. दोडामार्ग तालुक्यातली निम्मी लग्नं आमच्या प्रिंटरवर जुळली असतील. वधूवरांचे गुण छापून निघत तेव्हा प्रिंटरचा आवाजसुद्धा मला वेगळा वाटायचा.

एके दिवशी त्या पत्रिकांबरोबर व्हायरस आला. आमची दोन यंत्रं पडली. मग पणजीच्या मुख्य कचेरीतली पडली. तिसऱ्या दिवशी तिथून एक कॉम्प्युटर अधिकारी आला. तिशीतला, फोंड्याकडचा, फारच कमी बोलणारा. त्याने यंत्रं धुऊन पुसून कोरी केली आणि नव्याने भरून दिली. आता त्यावर आपण काहीच घालू शकत नव्हतो. पडद्यावरचं कंपनीचं चित्र बदलता येत नव्हतं. घड्याळ पंचवीस मिनिटं पुढे होतं, तेही मागे घेता येत नव्हतं, कारण त्याला परवानगी लागे. यंत्राच्या पुढच्या बाजूला पेन ड्राइव्ह खुपसायची जी भोकं असतात त्यांवर त्याने कागदी पट्टी चिकटवून वर सही केली. भाऊंनी एवढंच विचारलं, की एका मुलीची पत्रिका अर्धी मांडून झाली होती, ती मिळेल काय. अधिकारी म्हणाला, नाही.

भाऊंच्या कुंडलीबरोबर माझी मराठीही गेली.

माझ्या यंत्रावर मराठी टाइप करायचा एक प्रोग्राम होता. ट्रकवाल्यांच्या सगळ्या नोटिसा मी त्यावर काढत असे. ताडपत्री घातल्याशिवाय गाडी हलवू नये, शाळा सुटायच्या वेळी शाळेपुढून जाऊ नये, अशा. आता त्या इंग्रजीत काढायच्या असं ठरलं. आमचे मॅनेजर साहेब दक्षिण गोव्यातल्या सासष्टीचे, ख्रिस्ती, अतिशय सज्जन मनुष्य. घरी कोकणी बोलत, पण ती रोमी लिपीत, म्हणजे इंग्रजी अक्षरांत, वाचत आणि लिहीत. देवनागरी अक्षर त्यांना शाळेत भेटून तिथेच राहून गेलेलं. त्यांना इंग्रजी नोटिशीत काही वावगं वाटलं नाही.

पहिलीच इंग्रजी नोटीस होती ती जत्रेची. मंगळवारी पालखी गावच्या रस्त्याने जाणार, तेव्हा दुपारी बारापर्यंत कुठलाही ट्रक भरला जाणार नाही, असं साहेबांनी चांगल्या इंग्रजीत लिहिलं. आमच्या ट्रकवाल्यांतले बरेच जण चौथी-सातवी मराठीतून शिकलेले. त्यांनी फळ्यावरचा कागद बारकाईने पाहिला आणि त्यातून तीन गोष्टी काढल्या: मंगळवार, बारा, आणि ट्रक. मंगळवारी बाराच्या आत ट्रक घेऊन या, हे उघडच होतं. पहाटेपासून इतके ट्रक आले की रांग देवळाच्या पायऱ्यांपर्यंत गेली.

पालखी निघाली आणि ट्रकांत अडकली. साहेबांना बोलावणं गेलं. ते जीपने आले, पण जीपही अडकली, म्हणून उतरून चालत पुढे झाले आणि एकेक ट्रक हात दाखवून मागे घ्यायला लावू लागले. मागोमाग पालखी, ढोल, ताशे, आणि पुढे घामाघूम झालेले आमचे साहेब, असा तो प्रकार दीड तास चालला. बघणाऱ्यांना वाटलं की हे मानकरी आहेत. कुणीतरी त्यांच्या कपाळाला गुलाल लावला, एका म्हाताऱ्या बाईने हातात नारळ दिला. ते कचेरीत आले तेव्हा नारळ हातातच होता. तो त्यांनी फाइलींच्या कपाटावर ठेवला आणि मला विचारलं, याचं आता काय करायचं असतं. मी फोडून सगळ्यांना तुकडे दिले. साहेबांनीही खाल्ला. मग म्हणाले, "बाई, मराठी जाय." जाय म्हणजे हवी.

दुसऱ्या दिवशी मी नोटीस हाताने लिहून लावली. माझं अक्षर वाईट नाही. पण ती कुणी पाळली नाही. मी एका ट्रकवाल्याला विचारलं तेव्हा तो प्रामाणिकपणे म्हणाला की छापलेली असती तर ती कंपनीची वाटली असती, ही तुम्ही सांगितल्यासारखी वाटते. म्हणजे माझं सांगणं किती मोलाचं, हेही त्या निमित्ताने कळलं.

मग साहेबांनी मुख्य कचेरीला रीतसर अर्ज केला. उत्तर आलं की अर्ज ठरलेल्या नमुन्यात नाही. नमुना मागवला. तो कॉम्प्युटरवर भरायचा होता आणि तो उघडणारा प्रोग्राम आमच्या यंत्रावर नव्हता. तो बसवून मिळावा म्हणून दुसरा अर्ज केला. त्याला उत्तर आलं नाही. शेवटी साहेबांनी फोनवर बोलून कागदी अर्ज स्वीकारायला लावला, आणि पंधरा दिवसांनी पत्र आलं. 'मराठी' नावाचं सॉफ्टवेअर कंपनीच्या मंजूर यादीत नाही, असं त्यात होतं. साहेबांनी ते पत्र मला वाचून दाखवलं, चष्मा काढून पुसला, आणि परत एकदा वाचलं.

त्या रविवारी मी माहेरी गेले होते. धारगळला हमरस्त्याला लागून माझ्या मामांचं छोटं दुकान आहे. मामा प्राथमिक शाळेत शिक्षक होते. निवृत्त झाल्यावर हौसेने कॉम्प्युटर शिकले आणि लग्नपत्रिका, जत्रेची हस्तपत्रकं, नाटकाच्या जाहिराती करून देऊ लागले. आमचे मामा मराठीचे कडवे. गोव्याला राज्याचा दर्जा मिळायच्या आधी भाषेवरून जे काही चाललं होतं, त्यात मामा रोज संध्याकाळी कुणा ना कुणाशी बोलणं बंद करून घरी येत, असं मामी सांगायची. घरात मात्र ते धारगळ-पेडण्याकडची आमची जी बोली आहे तीच बोलत. त्या बोलीला मराठी म्हणायचं की कोकणी हे ज्याच्या त्याच्यावर आहे. मामा तिला मराठी म्हणत.

मी त्यांना 'मंजूर यादी' सांगितली. मामा हसले नाहीत. त्यांना ते लागलं. सदऱ्याच्या खिशातून त्यांनी एक पेन ड्राइव्ह काढला. तेव्हा पेन ड्राइव्ह नवीन आले होते; मामांनी आपला काळ्या गोफात ओवून ठेवला होता. सावंतवाडीच्या एका माणसाने स्वतः लिहिलेला मराठी टाइप करायचा प्रोग्राम त्यात होता. मी म्हटलं, आमच्या यंत्रावर काहीच घालता येत नाही. मामा म्हणाले,

"घालूचा नायच. हो प्रोग्राम कोणाच्या घरात रवाक जायना. ह्या पेनातच ऱ्हवता, थंयसूनच चलता. तू पेन लायलंस की उठतलो, काढलंस की गेलो. कॉम्प्युटराक कळूचा सुद्दा नाय."

मला ते पटायला वेळ लागला. तेव्हा माझी समजूत अशी, की प्रोग्राम म्हणजे यंत्राच्या पोटात गेल्याशिवाय काम करणार नाही. मामांनी दुकानातल्या यंत्रावर चार वेळा लावून काढून दाखवला. मग एक प्रत माझ्यासाठी नव्या पेनवर करून दिली आणि बजावलं की लपूनछपून करू नकोस, साहेबांना सांग.

मी सांगितलं नाही. साहेबांना सांगितलं तर त्यांना 'नको' म्हणावं लागेल, कारण ते नियमाने चालणारे; न सांगितलं तर त्यांना खोटं बोलावं लागणार नाही. असा विचार मी बसमध्ये केला आणि तो मला बराच थोर वाटला.

सोमवारी साहेब खाणीवर गेल्यावर मी कामाला लागले. पुढच्या भोकांवर सही केलेली पट्टी होती. भाऊ म्हणाले की मागेही तसलीच भोकं असतात आणि त्यांना पट्टी लावायला तो अधिकारी खाली वाकलेला त्यांनी पाहिला नव्हता. यंत्र मेजाखाली, भिंतीला टेकून होतं. मी पदर खोचला आणि रांगत आत शिरले. तिथे धूळ, सुतळीचे तुकडे, एक जुनी चप्पल आणि वायरींचं जंगल. भोक सापडलं, पण पेन उलटा लागत होता. तो सुलटा करतेय तोच भाऊंचा आवाज आला, "बाई, सायब इले."

मी हलले नाही. बाहेर माझे पाय दिसत असणार. बूट जवळ येऊन थांबले.

"तुमी किदें सोदतात?" साहेबांनी विचारलं.

"टाचणी," मी मेजाखालून म्हटलं.

ते आपल्या खोलीत गेले. थोड्या वेळाने शिपाई आला आणि साहेबांनी दिली म्हणून टाचण्यांची एक डबी ठेवून गेला.

प्रोग्राम मात्र चालला. मामांनी सांगितलं होतं तसाच तो उठला, पडद्यावर एक साधी पांढरी चौकट आली, आणि मी टाइप केलं: 'सूचना'. ती तीन अक्षरी ओळ कॉम्प्युटरवर पाहून मला जो आनंद झाला तो सांगितला तर कुणाला खरा वाटणार नाही. भाऊ उठून माझ्या मागे येऊन उभे राहिले. आम्ही दोघांनी ती काही वेळ बघितली.

एकच खोड होती. त्या प्रोग्रामला 'ट्र' येत नव्हता. कितीही वेगवेगळ्या कळा दाबल्या तरी ट वेगळा आणि र वेगळा. ट्रकवाल्यांच्या कचेरीला ही खोड फारच अडचणीची. शेवटी मी 'टरक' असं लिहिलं. नाहीतरी गावात सगळे टरकच म्हणतात. 'सर्व टरकवाल्यांना कळविण्यात येते की', अशी ती पहिली नोटीस छापून फळ्यावर लागली आणि दुसऱ्या दिवशी प्रत्येक गाडीवर ताडपत्री होती.

साहेब खुश झाले. मराठी कुठून आली हे त्यांनी विचारलं नाही. मी मात्र रोज मेजाखाली जात होते, कारण पेन लावून ठेवायची माझी हिंमत होत नव्हती. सकाळी लावायला एकदा आणि संध्याकाळी काढायला एकदा. कधी ना कधी साहेब यायचेच, आणि मला दुसरं काही सुचायचं नाही. महिन्याभरात माझ्याकडे टाचण्यांच्या सात डब्या जमल्या.

नोटिशीवरून तक्रार एकदाच झाली, तीही भाषेची. ट्रकवाल्यांच्या संघटनेतले दोघे जण आले. एकाचं म्हणणं, कंपनीने मराठीत नोटीस काढली हे योग्य झालं, पण हीत कोकणी शब्द फार आहेत. दुसऱ्याचं म्हणणं, कोकणी राजभाषा, तेव्हा कोकणीत नोटीस काढलीत हे योग्यच, पण हीत मराठी शब्द फार आहेत. नोटीस एकच होती. मी दोघांना विचारलं, वाचून कळली ना? कळली म्हणाले. मग मी दोघांनाही सांगितलं की पुढच्या वेळी सुधारणा करीन. तेव्हापासून मी लिहिताना मुद्दाम काळजी घेऊ लागले, की वाक्य असं बसावं की ते कुणालाही आपलं म्हणता यावं. ते सोपं नव्हतं. 'आहे' आलं की एक गट, 'आसा' आलं की दुसरा. मी क्रियापदाशिवाय लिहायला शिकले. 'गुरुवारी रस्ता बंद. ताडपत्री सक्तीची. शाळेजवळ हळू.' साहेबांना वाटलं की मी फार मुद्देसूद लिहिते.

मधल्या काळात भाऊंनीही धारगळला एक फेरी मारली. पत्रिकेचा प्रोग्राम असा पेनात बसवून मिळतो काय, हे त्यांना मामांकडून जाणून घ्यायचं होतं. मिळत होता. म्हणजे आता दोन मेजांखाली दोन माणसं जाऊ लागली. भाऊंचं पोट मोठं, त्यांना बाहेर यायला माझा हात लागे. मी त्यांना सांगितलं की पूर्वीसारखं सगळ्या तालुक्याचं करू नका. त्यांनी फक्त जवळच्या नात्यातल्या पत्रिका करायचं कबूल केलं; पण दोडामार्गात कोण कुणाच्या नात्यात नाही, हे मी लक्षात घेतलं नव्हतं.

आणि एक दिवस तो अधिकारी न कळवता आला.

मी मेजाखाली होते. बूट वेगळे होते, हे मला दिसलं. साहेबांच्या बुटांवर नेहमी तांबडी धूळ असायची, हे चकचकीत. ते बूट हलले नाहीत. मी बाहेर आले. तो माझ्या पडद्याकडे बघत उभा होता, आणि पडद्यावर मराठीत अर्धवट नोटीस होती. टाचणी म्हणायला काही अर्थ नव्हता. मी सगळं सांगितलं: जत्रा, अर्ज, मंजूर यादी, मामा, पेन. भाऊंचं सांगितलं नाही. भाऊ त्या वेळी एका रजिस्टरमध्ये इतके डोकं खुपसून बसले होते की तो कुणालाही संशय यावा असा देखावा होता.

अधिकाऱ्याने ते ऐकून साहेबांच्या खोलीकडे मोर्चा वळवला. तो आला होता ते साहेबांचं यंत्र दुरुस्त करायला. ते दोन दिवस अडून बसलं होतं. साहेबांच्या खुर्चीत बसून त्याने आपला खास पासवर्ड घातला. यंत्राने तो नाकारला. त्याने परत घातला. मग मुख्य कचेरीला फोन लावला, तर समजलं की सगळ्यांचे पासवर्ड कालच बदलले आहेत आणि नवे ज्यांच्याकडे आहेत ते जेवायला गेले आहेत. तासाभराने परत लावला, ते अजून जेवत होते. साहेब बाहेर मीटिंगला निघायच्या तयारीत, त्यांना त्या यंत्रातला एक कागद हवाच होता.

तेव्हा त्या अधिकाऱ्याने दाराकडे पाहिलं, खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढला आणि त्यातून तीन पेन ड्राइव्ह वेगळे केले. एक निवडला. मग बाह्या सरसावून तो साहेबांच्या मेजाखाली गेला, कारण पुढच्या भोकांवर त्याचीच सही होती.

कागद पाच मिनिटांत मिळाला. साहेब तो घेऊन गेले. अधिकारी गुडघे झटकत माझ्या मेजापाशी येऊन बसला. मी चहा मागवला. चहा अर्धा झाल्यावर त्याने विचारलं, तुमच्या मामांचा प्रोग्राम दुसरीकडे टाइप केलेली मराठीही उघडतो काय. मी म्हटलं, बरीचशी उघडतो.

त्याचं असं होतं. मुख्य कचेरीत तीन आठवड्यांपूर्वी एका हायस्कुलातून ईमेल आला होता. नव्या हौसेने हेडमास्तरांनी पत्र मराठीत टाइप करून पाठवलं होतं. तिथल्या यंत्रावर ते उघडलं की नुसती इंग्रजी अक्षरं आणि आकडे दिसत, मांजर कळांवरून चालत गेल्यासारखे. खाणीजवळच्या गावातून आलेलं, लांबलचक, आणि खाली बऱ्याच जणांची नावं असावीत असं दिसणारं पत्र, म्हणजे तक्रारच असणार, असं तिथे सर्वांनी धरलं. ते वकिलांकडे गेलं होतं. वकिलांनी सांगितलं की मजकूर कळेपर्यंत सर्व आरोप नाकारावेत. तसं इंग्रजी उत्तरही तयार होतं, सहीला ठेवलेलं.

ते पत्र त्याच्या पेनमध्ये होतंच. मी ते उघडलं. स्नेहसंमेलनाचं आमंत्रण होतं. कंपनीच्या संचालकांनी अध्यक्षस्थान भूषवावं अशी नम्र विनंती, खाली सबंध शिक्षकवर्गाची नावं. संमेलन होऊन आठ दिवस झाले होते. माझ्या जावेचा मुलगा त्याच शाळेत होता, म्हणून मला ठाऊक होतं की व्यासपीठावर मधली खुर्ची शेवटपर्यंत रिकामी ठेवली होती.

अधिकारी ते दोनदा वाचून पाहत राहिला. मग प्रथमच हसला. मामांच्या प्रोग्रामची एक प्रत त्याने आपल्या पेनमध्ये घेतली. जाताना त्याने माझ्या यंत्राच्या पुढच्या पट्टीवरची आपली सही पाहिली, नखाने पट्टी काढली आणि खिशात टाकली. अहवालात त्याने काय लिहिलं ते मला कधी कळलं नाही. भाऊंच्या यंत्रावरची पट्टी त्याने काढली नाही, यावरून त्याला सगळं कळलं होतं असं मी धरते.

दोन महिन्यांनी मुख्य कचेरीतून आमच्या सगळ्या शाखांना एक परिपत्रक आलं, मराठीत. पहिली ओळ होती: 'सर्व टरकवाल्यांना कळविण्यात येते की'.

मी ते मामांना दाखवायला नेलं. मला वाटलं होतं त्यांना अभिमान वाटेल. मामा लालबुंद झाले. तीस वर्षं शुद्धलेखन शिकवलेल्या माणसाच्या दुकानातून निघालेला प्रोग्राम, आणि एवढ्या मोठ्या कंपनीच्या कागदावर 'टरक'. ते दुसऱ्याच दिवशी सावंतवाडीला गेले, त्या माणसाच्या समोर बसून त्याच्याकडून 'ट्र' करून घेतला, आणि सुधारलेला प्रोग्राम द्यायला स्वतः आमच्या कचेरीत आले. कोट घालून. दोन बस बदलून.

मी त्यांना बाहेरच्या बाहेर चहा पाजून परत पाठवायच्या बेतात होते. पण मामा थेट साहेबांच्या खोलीत गेले आणि आपल्या बोलीत सगळी हकीगत पहिल्यापासून सांगू लागले. मी दारात उभी. मामा म्हणाले, भाचीला मी साहेबांना सांगून कर असं बजावलं होतं, तिने सांगितलं असेलच. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं.

"सांगलां," साहेब म्हणाले. "पयल्याच दिसा."

मामांचं समाधान झालं. मला मात्र घरी जाईपर्यंत वर बघवलं नाही. साहेबांनी पुढेही तो विषय माझ्याकडे कधी काढला नाही. फक्त टाचण्या यायच्या थांबल्या. 'ट्र'चं म्हणाल तर मुख्य कचेरीने सुधारलेला प्रोग्राम घेतला नाही. कळवलं की 'टरक' आता मंजूर झाला आहे, बदलायचा तर नव्याने अर्ज करावा लागेल.

साहेब आणि मामा त्या दिवशी दोन तास बोलत होते. कशाबद्दल ते मला ऐकू आलं नाही, पण दोघांचाही आवाज अधूनमधून चढत होता, म्हणजे भाषेबद्दलच असणार. जेवायची वेळ टळून गेली तरी दोघं उठले नाहीत. शेवटी साहेबांनी आपल्या डब्यातला पाव आणि भाजी मामांपुढे ठेवली.

पुढच्या वर्षी साहेबांच्या मुलीचं लग्न ठरलं. त्यांच्या रोमी लिपीतल्या आणि इंग्रजी पत्रिका मडगावला छापून झाल्या होत्या. पण कचेरीतल्या माणसांना, ट्रकवाल्यांना, त्यांना वाचता येईल अशी पत्रिका हवी होती. ते मला म्हणाले की मामांना विचारा, देवनागरीत करून देतील काय; पण शब्द आमचेच ठेवा, कोकणी.

मी घाबरतच धारगळला गेले. मामांनी मी नेलेली रोमी पत्रिका उलटसुलट करून पाहिली. मग चष्मा लावला आणि यंत्रापुढे बसले. रोमी पत्रिका मी मोठ्याने वाचायची आणि त्यांनी देवनागरीत टाइप करायचं, असं ठरलं. जन्मभर जी भाषा ते तोंडाने बोलत आले होते ती त्यांनी हाताने कधी लिहिली नव्हती. प्रत्येक शब्दाला थांबत. 'काजार', म्हणजे लग्न, असं टाइप करून माझ्याकडे बघत, बरोबर आहे ना म्हणून. मामी आतून येऊन मागे उभी राहिली. एका ठिकाणी मामांनी ऱ्हस्व की दीर्घ विचारलं आणि मला सांगता येईना. तेव्हा तिने ते वाक्य हळूच स्वतःशी म्हणून पाहिलं आणि म्हणाली, "दीर्घ घाला. आमी लांबयतो."

मामांनी दीर्घ घातला.

लग्नाला मामा कोट घालून आले होते. चर्चच्या बाहेर आमचे ट्रकवाले हातात पत्रिका घेऊन उभे होते. त्यातला एक, पूर्वी माझ्याकडे तक्रार घेऊन आलेला, मामांना म्हणाला की पत्रिका मराठीत काढलीत हे फार चांगलं केलंत. मामांनी त्याच्याकडे पाहिलं आणि मला म्हणाले की आत बसायला जागा मिळते का बघ.